"सर, दुखतंय" म्हणता येतं का? खेळणाऱ्या मुलांचं कोचशी नातं कसं बघायचं, कसं सांभाळायचं

एप्रिल संपत आला की बडोद्यातल्या आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तोच प्रश्न येतो, अमक्या ॲकॅडमीचे सर कसे आहेत, फार स्ट्रिक्ट आहेत का, की नुसतं गोड बोलून फी घेतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दांडिया बझारच्या बाजूला क्लिनिक आहे, खेळणारी पोरं सतत येत असतात, त्यामुळे लोकांना वाटतं हिला सगळे कोच माहीत असणार. असतात बरेच माहीत. पण नावं सांगण्यापेक्षा मी एकच गोष्ट बघायला सांगते: तुमचं मूल त्या सरांना "सर, आज दुखतंय" असं म्हणू शकतं का, आणि म्हटल्यावर पुढच्या दहा मिनिटांत काय होतं. ओरडणं, शिट्टी, भिंतीवरचे मेडल्सवाले फोटो हे सगळं त्याच्यानंतर.

का, ते एका केसवरून सांगते, ओळख पटणार नाही एवढं बदलून. जिम्नॅस्टिक्स करणारी मुलगी, टाच दुखतेय म्हणून आईने आणली. वाढीच्या वयात टाचेच्या ग्रोथ प्लेटवर ताण येऊन असं दुखतं, सेव्हर्स म्हणतात त्याला, उड्या थोड्या कमी केल्या, पोटरीचे स्ट्रेच केले, टाचेखाली पॅड दिला की काही आठवड्यांत उतरतं, घाबरण्यासारखं काही नाही. पण ही मुलगी किती दिवस मोज्याच्या आत क्रेप बँडेज बांधून जायची आणि वॉर्मअपच्या आधी बाथरूममध्ये जाऊन सोडून ठेवायची, लंगडणं दिसू नये म्हणून चवड्यावर चालायची. टेबलावर झोपल्यावर पहिला प्रश्न काय, तर "सरांना काय सांगू?" बरं कधी होईल हे नंतर. आणि गंमत म्हणजे सर वाईट नव्हते हो. त्यांनी कधीतरी दुसऱ्याच एका मुलीला सगळ्या बॅचसमोर "नाटक करते" म्हटलं होतं, ते स्वतः विसरूनही गेले असतील. पण बॅच विसरली नव्हती. मुलं आपल्याशी सर कसे वागतात एवढंच बघत नाहीत, शेजारच्याशी कसे वागतात त्यावरून ठरवतात की आपण काय बोलायचं आणि काय गिळायचं.

तर आता पायरी पायरीने.

१. फी भरायच्या आधी चार दिवस नुसतं जाऊन बसा

मांजलपूरचं स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स असो, समाचं असो, नाहीतर सोसायटीच्या मागचं नेट, मोबाइल खिशात ठेवायचा आणि बघायचं. सरांचा खेळ किंवा ॲकॅडमीचा बोर्ड बघू नका, चूक झाल्यावर काय होतं ते बघा. कॅच सुटला, डाइव्ह चुकली, त्यानंतरचं वाक्य काय आहे? "कोपर वर ठेव, डोकं हलवू नको" हे चुकीबद्दल झालं. "तुला जमणारच नाही, बसून राहा" हे मुलाबद्दल झालं. दोन्ही वाक्यं सारख्याच आवाजात ओरडून म्हणता येतात, म्हणून आवाजावर जाऊ नका.

मग बघा की सरांचं लक्ष फक्त पहिल्या चार स्टार पोरांकडे आहे की मागच्या रांगेतल्याकडेही कधी जातं. पाणी प्यायला परवानगी मागावी लागते का, कारण बडोद्याच्या मे महिन्यात पाणी ही काही बक्षीस म्हणून द्यायची गोष्ट नाही. कोणी पडलं, कोणी बाजूला बसलं तर सर पाच मिनिटांत तिकडे जातात का. आणि मुलं सरांना प्रश्न विचारतात का, हे तर नक्कीच. जिथे तासाभरात एकाही मुलाने "सर, असं का?" विचारलं नाही तिथे मला जरा शंका येते.

पालकांना बसूच देत नाहीत असं असेल तर कारण विचारा. रोज बसू नका म्हणणं समजू शकतं, आईबाप जाळीला नाक लावून उभे असले की मुलांचं लक्ष जातं हे खरंच आहे. पण कधीच येऊ नका म्हणणं वेगळं.

२. पहिलं बोलणं, आणि त्यात काय विचारायचं

"सर, आमचा स्टेटला जाईल ना?" हा प्रश्न सोडून द्या, त्याचं खरं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जपून राहा. विचारायचं ते असं: एका बॅचमध्ये किती मुलं, सर स्वतः शिकवतात की सीनियर पोरं शिकवतात, लागलं तर काय करता, परत खेळायला कधी घ्यायचं हे कोण ठरवतं, आठवड्याला सुट्टी किती. सुट्टीचा एक ढोबळ नियम क्रीडा-वैद्यकात वापरतात तो लक्षात ठेवा, मुलाचं वय जितकं त्यापेक्षा जास्त तास एका आठवड्यात एकाच खेळाची ट्रेनिंग नको, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला दहा तास झाले की बस, आणि आठवड्यात एक दिवस तरी पूर्ण सुट्टी.

ट्रेनिंग कुठे झालीय हेही विचारा, लाज वाटायचं कारण नाही. पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासून कोच तयार करते, तिथला वर्षाचा डिप्लोमाही असतो आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही, दोन्हीला लोक "एनआयएस केलंय" असंच म्हणतात, तर कोणता ते विचारून घ्या. अर्थात कागदाने माणूस कळत नाही. पण या प्रश्नांवर सर चिडले तर तेही एक उत्तरच झालं ना.

इथे एक गोष्ट अभ्यासातली सांगते कारण ती मला फार पटलेली आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले स्मॉल आणि स्मिथ हे दोघे मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं लहान मुलांच्या बेसबॉल कोचवर काम करत होते. त्यांनी काही कोचना एक छोटं ट्रेनिंग दिलं, चुकीनंतर धीर द्या, काय सुधारायचं ते स्पष्ट सांगा, मेहनतीचं कौतुक करा, शिक्षा कमी करा, एवढंच. १९९२ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की अशा कोचकडची फक्त ५ टक्के मुलं पुढच्या सीझनला खेळ सोडून गेली, आणि ज्या कोचना हे ट्रेनिंग नव्हतं त्यांच्याकडची २६ टक्के. आणि मुलं गेली ती टीम हरत होती म्हणून नाही, तेही त्यांनी तपासलं होतं. म्हणजे आपल्याकडे "पोराचं मन लागत नाही हो खेळात" म्हणून जे सोडून देतात त्यातलं किती मन खेळातून उठलेलं असतं आणि किती माणसातून, कोण जाणे.

३. ॲक्टिव्हावर मागे बसलेल्या मुलाची चौकशी नको

प्रॅक्टिसवरून घरी यायची वीस मिनिटं मुलाची असतात. "आज किती केलेस? सर काय म्हणाले? तो शेजारचा तुझ्यापुढे कसा गेला?" हे सुरू झालं की मुलाला दोन कोच होतात, एक ग्राउंडवर आणि एक हँडल धरून. मग ते दोघांनाही खरं सांगायचं बंद करतं. शांत बसा, खंडेराव मार्केटपाशी उसाचा रस घ्या, काही सांगायचं असेल तर ते स्वतः सांगेल, बहुतेक वेळा रात्री झोपताना, लाइट बंद केल्यावर.

विचारायचंच असेल तर "आज मजा कशात आली" आणि "आज काही नकोसं वाटलं का" एवढं पुरे, तेही रोज नाही. आणि उत्तर आलं की लगेच "मग तू काय केलंस, तुझंच चुकलं असेल" नको. आपल्या घरांत हे फार चालतं. सर म्हणजे गुरु, गुरूला उलट बोलायचं नाही. या गावात तर त्याची मोठी परंपराच आहे, माणिकरावांनी आपली व्यायामशाळा आपल्या गुरूंच्या, जुम्मादादांच्या नावाने चालवली, शिष्य हिंदू, गुरु मुसलमान, आणि आजही नाव गुरूचंच आहे. त्या नात्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आदर आहे म्हणून दुखणं लपवायचं असं कुठल्या चांगल्या वस्तादाने शिकवलं असेल असं मला वाटत नाही, तालमीत तर मोडलं-मुरगळलं की आधी वस्तादालाच दाखवायचे.

४. तोंड बोलत नसेल तर शरीर बोलतं

हे माझ्या कामाचं, म्हणून जरा सविस्तर. खालच्यापैकी एखादी गोष्ट एखाद्या दिवशी झाली तर काही नाही, परीक्षा असेल, झोप झाली नसेल. दोन-तीन आठवडे टिकली तर बघा.

प्रॅक्टिसच्या दिवशीच सकाळी पोट दुखतं, रविवारी नाही. झोप लागत नाही किंवा मधेच जाग येते. सतत बारीक सर्दी-खोकला. सकाळची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली. एकच दुखापत बरी होऊन परत परत तिथेच. सरांचा फोन आला किंवा ग्रुपवर मेसेज वाजला की चेहरा पडतो. मित्रांबद्दल बोलतं पण सरांचं नाव टाळतं, किंवा उलट, सर सोडून दुसरं नावच नाही, सर म्हणतील तेच खरं, सरांनी सांगितलं म्हणून आजीच्या वाढदिवसालाही जेवायचं नाही. दुसरा प्रकार आईबापांना फार आवडतो म्हणून सांगते, त्याच्याकडेही लक्ष द्या.

मुलींच्या बाबतीत पाळी. पाळी सुरू झालेल्या मुलीची सलग तीन महिने आली नाही तर "जास्त प्रॅक्टिस करते ना, होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे जा. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर एकेक काम बंद करत जातं, पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, यालाच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली रेड-एस असं नाव दिलं, आणि ते मुलग्यांनाही होतं. याच्यामागे बऱ्याचदा वजनाबद्दलची एखादी कमेंट असते. मेरी केन ही अमेरिकेची धावपटू, शाळेत असताना विक्रम करणारी, तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की वजन कमी कर, अजून कमी कर या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करणं, "जाडी" म्हणून हाक मारणं, हे कोणी करत असेल तर ते गमतीत का असेना, थांबवायला सांगा. वजनाचं काही बोलायचं असेल तर ते आहारतज्ज्ञ आणि आईवडील यांच्यासमोर, एकटीला, आकडा न ओरडता.

पावडरी आणि गोळ्यांचंही इथेच सांगते. सरांनी दिली म्हणून डबा उघडू नका. डोपिंगच्या नियमात शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं हा नंतरचा प्रश्न.

५. कडक आणि वाईट यातला फरक

२०१६ ला रिओमध्ये सिंधूला बॅडमिंटनचं सिल्व्हर मिळालं तेव्हा तिचे कोच गोपीचंद म्हणाले होते की तीन महिने तिच्याकडे फोन नव्हता, आता परत देणार, आणि आइस्क्रीमही खाऊ देणार. झालं, आपल्याकडे प्रत्येक कोचने आणि प्रत्येक बापाने फोन जप्त करायला सुरुवात केली. अरे पण ती २१ वर्षांची होती, वर्षानुवर्षं त्या माणसाबरोबर काम करत होती, कशासाठी करतोय हे दोघांना माहीत होतं, आणि बंदी किती दिवसांची हेही. अंडर-११ च्या पोराला खेळ महाकुंभच्या, म्हणजे गुजरात सरकारच्या स्पर्धांच्या, तालुका राउंडसाठी तेच लावलं की त्याला फक्त शिक्षा दिसते.

म्हणजे मी कडक सरांना हे चार प्रश्न लावून बघते. नियम सगळ्यांना सारखा आहे का, की स्टार पोराला सूट? नियमाचं कारण सांगतात का? चूक झाली तर ती त्या दिवशी संपते का, की आठवडाभर टोमणे? आणि मूल काही मागू शकतं का? शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडे याची परीक्षा नवरात्रात होते. बडोद्याच्या मुलीला गरबा सोडायला सांगणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना नाही कळायचं, आपल्या मराठी घरांतल्या मुलीही नऊ दिवस चणिया-चोळीतच असतात. एका स्विमिंगवाल्या मुलीने सरांना सांगितलं, "सर, अष्टमी-नवमीला मी जाणारच, बाकी दिवस दहाला घरी, आणि त्या दोन दिवसांचं सकाळचं सेशन संध्याकाळी करू का?" सर थोडं कुरकुरले, मग म्हणाले दोन्ही सेशन संध्याकाळी नाही, एक पूर्ण सुट्टी घे, झोप. असं नातं असलं की सरांनी सकाळी साडेपाचला ओरडलेलं मुलं मनाला लावून घेत नाहीत.

लफबरो युनिव्हर्सिटीच्या सोफिया जोवेट यांनी खेळाडू-कोच नात्यावर खूप काम केलंय, त्यांचं म्हणणं साधारण हेच, जवळीक हवी, दोघांनाही हे नातं पुढे टिकवायचं असावं, एकमेकांना साथ देत काम व्हावं, आणि दोघांना एकमेकांबद्दल काय वाटतं याचा अंदाज बरोबर असावा. शेवटचं कोचचं बहुतेक वेळा चुकतं, त्यांना वाटतं पोरं खूश आहेत.

मारणं मात्र कडकपणात येत नाही. स्टम्पने, पट्ट्याने, कानाखाली, कशानेच नाही. "आम्हालाही मारायचे, म्हणून आम्ही घडलो" हे ऐकून मी कंटाळले. तुम्ही घडलात, बाकीचे ग्राउंड सोडून गेले, ते आज बोलायला नाहीत इथे.

६. सरांशी बोलायची वेळ आली तर

प्रॅक्टिस चालू असताना नाही, मॅच हरल्यावर तर मुळीच नाही, आणि ग्रुपवर चुकूनही नाही. "सर, पंधरा मिनिटं हवी आहेत, कधी येऊ?" असा मेसेज टाका. जाण्याआधी मुलाला विचारा की मी बोलू का, तुला काय चालेल, तू बरोबर येशील का. दहा-अकराच्या पुढचं मूल असेल तर शक्यतो त्यालाच बोलू द्या, आधी घरी दोनदा म्हणवून घ्या, "सर, गुडघा दुखतोय, तीन दिवस झाले, उडी मारताना जास्त." एवढं वाक्य सांगता आलं की अर्धं काम झालं.

तुम्ही बोलणार असाल तर आरोपाने सुरू करू नका. "तुम्ही फार ओरडता" म्हटलं की सर बचावाला लागतात. "मंगळवारी सगळ्यांसमोर जे झालं त्यानंतर ती दोन दिवस जेवली नाही, तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा?" असं एक दिवस, एक गोष्ट, आणि मग गप्प राहून ऐका. बऱ्याच सरांना खरंच कल्पना नसते. त्यांचंही बघा ना, सकाळी पाचला पूलवर, दुपारी शाळेत, संध्याकाळी दोन बॅच, पगार कॉन्ट्रॅक्टवर, वरून चाळीस पालकांचे फोन की माझ्या मुलाला ओपनिंगला का नाही पाठवलं. थकलेला माणूस चिडका होतो, आणि त्याचा त्रास पोरांना. फी वेळेवर द्या, रात्री नऊनंतर फोन करू नका, चांगलं काही दिसलं तर तेही सांगा.

पंधरा-वीस दिवस द्या. काही बदललं का बघा, आणि मुलावर राग काढला जातोय का तेही बघा. राग काढला जात असेल तर पुढच्या चर्चेत वेळ घालवू नका.

७. काही लिमिट्स आधीच ठरवून ठेवा

चांगल्या सरांनाही हे आवडतं, त्यांचीही सेफ्टी असते. एकट्या मुलाला मेसेज नाही, आईवडील ज्यात आहेत त्या ग्रुपवर. एकट्याने गाडीतून सोडणं नाही. टूरला सर आणि मूल एका रूममध्ये नाही, मुलींच्या टीमबरोबर बाई मॅनेजर हवीच. मसाज, टेपिंग, वजन घेणं हे बंद खोलीत नाही. जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब, कुस्तीत हात लावावाच लागतो, तेव्हा आधी सांगून, सगळ्यांसमोर. आणि "हे आपल्या दोघांतच ठेव" असं कोणीही मोठं माणूस म्हणालं तर ते घरी येऊन सांगायचं, हे मुलांना लहानपणीच शिकवा, सर असोत की काका.

८. गंभीर काही कळलं तर

मुलाने काही सांगितलं तर आधी "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" म्हणा. खोदून खोदून विचारू नका, परत परत सांगायला लावू नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. मेसेज, फोटो डिलीट करू नका. सरांना जाब विचारायला स्वतः जाऊ नका, आणि ॲकॅडमीच्या मालकाने "घरातलं घरात मिटवू" म्हटलं तर ऐकू नका.

१८ च्या खाली असेल तर पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, मुलगा असो की मुलगी. त्यात माहिती असलेल्या प्रत्येकावर कळवायची जबाबदारी आहे, लपवणं हाच गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घेतात, पोलीस युनिफॉर्ममध्ये नसतात, शक्यतो महिला अधिकारी असते. चाइल्डलाइन १०९८. मुलींसाठी, बायकांसाठी गुजरातमध्ये १८१ अभयम हेल्पलाइन. १८ च्या वरच्या खेळाडू मुलींना कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा पॉश कायदा लागू होतो, त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत स्टेडियम, स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, स्पर्धेची जागा हे सगळं स्पष्ट लिहिलंय, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. तक्रार तीन महिन्यांत, संस्थेच्या समितीकडे, ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मनाने खचलेल्या मुलासाठी टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

९. कोच बदलायचा ठरला तर

त्रास देणारा माणूस असेल तर त्याच दिवशी बंद, इथे सीझनबिझन बघायचं नाही. नुसतं जमत नसेल तर सीझन संपू द्या, आणि निरोप मुलाला घेऊ द्या, पाया पडून, पेढे देऊन, जसं तुमच्या घरात असेल तसं. व्हॉट्सॲपवर लेफ्ट होऊन गायब होऊ नका, बडोदा लहान आहे, त्याच सरांची सिलेक्शनला परत गाठ पडते. शिवाय तुटलेलं जुळतंही. नेमबाज मनू भाकर आणि तिचे कोच जसपाल राणा टोकियो ऑलिंपिकच्या आधी वेगळे झाले होते, दोघांत बरंच वाजलं होतं, २०२३ मध्ये परत एकत्र आले आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तिने दोन ब्राँझ घेतली.

निघण्याआधी कागद गोळा करा: असोसिएशनचं रजिस्ट्रेशन, वयाचा दाखला, स्पर्धांची सर्टिफिकेट्स, दुसऱ्या क्लबकडून खेळायला एनओसी लागते का ते, दुखापतीचे रिपोर्ट. नवीन सरांना जुन्या सरांच्या तक्रारी सांगत बसू नका, पण दुखापतीचं सगळं सांगा, कोणत्या पायाला, कधी, काय केल्यावर वाढतं. मधे दोन-तीन आठवडे मूल नुसतं सायकल चालवत फिरलं, कमाटीबागेत टवाळक्या केल्या तरी चालेल, फिटनेस कुठे पळून जात नाही. आणि नवीन जागी पहिल्या आठवड्यात मुलालाच सांगू द्या सरांना, "सर, माझी ही टाच मागे दुखायची."